आबांच्या फोटोतले दाणे

धुळ्याहून सकाळच्या जळगाव गाडीत बसलो तेव्हा मांडीवर कॅमेऱ्याची बॅग होती आणि बॅगेच्या कप्प्यात आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो. दोन वर्षांपूर्वी पुतणीच्या हळदीत मीच काढलेला. त्यानंतर चार महिन्यांनी आबा गेले. त्यांचा बरा म्हणावा असा हा एकच फोटो, आणि तोही मोठा केला की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. मी गावोगावची लग्नं टिपणारा माणूस. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

दोष माझ्या जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्याचा, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. सावद्याचे विलासभाऊ त्यांचा मोठ्या सेन्सरचा, कमी उजेडातही चांगलं टिपणारा कॅमेरा विकायला निघाले होते. "दोन्ही शेजारी ठेवून बघा, मग ठरवा," असं त्यांनीच फोनवर सुचवलं होतं.

पारोळ्यापर्यंत मी चेन पाच वेळा उघडली असेल. शेजारच्या अक्का शेवटी वैतागल्या. "काय शे रे भो त्या पिशवीमा?"

"कॅमेरा शे, अक्का."

"मंग तो काय उडी जाई का? बठ ना सरका (नीट बस ना)!"

बसलो, पण जीव थाऱ्यावर नव्हता. जळगावला गाडी बदलली, नशिराबाद गेलं, भुसावळ गेलं, तापीचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंनी केळी सुरू झाल्या. एरवी मी खिडकी सोडली नसती. आज मात्र किती वाजले एवढंच बघत होतो.

विलासभाऊंनी थेट बागेत नेलं. एकच घड, एकच लेन्स, आळीपाळीनं दोन्ही कॅमेऱ्यांना लावली. मागच्या स्क्रीनवर त्यांचा फोटो इतका देखणा दिसला की मी तिथंच हो म्हणणार होतो.

"स्क्रीनवर जाऊ नका," ते हसले. "नवी स्क्रीन सगळ्यांनाच गोरं करते."

लॅपटॉपवर फोटो मोठे करून पाहिले. पानाच्या फाटक्या कडा, घडावरचे चिकाचे डाग, सगळं दोन्हीकडे सारखंच. पानांखालच्या काळोखात त्यांच्या कॅमेऱ्यानं हिरवा रंग जास्त धरला होता, इतकंच. मला राग आला. मी जुन्या कॅमेऱ्याला गुन्हेगार ठरवायला आलो होतो आणि तो सुटत होता.

जेवायला कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि ठेचा होता. चव लक्षात नाही. "आता अंधारात बघू," असं मी जेवतानाच तीनदा म्हणालो.

अंधारासाठी केळीची वखार होती. एका पिवळ्या बल्बखाली विलासभाऊंचे वडील, नाना, घड मोजून दमून खुर्चीत बसले होते. हळदीत आबा असेच बसले होते. मी दोन्ही कॅमेऱ्यांनी धडाधड फोटो काढले. दोन्ही काळे आले. लॅपटॉपवर उजळले, तर विलासभाऊंचा बराच निभावला आणि माझ्यात नानांच्या गालावर तेच दाणे. अगदी तेच! मला आनंद झाला, हे कबूल करतो.

"बघा, सापडला चोर!" मी ओरडलो.

नाना पदराआडून बघावं तसं उपरण्याआडून बघत होते. म्हणाले, "अरे भाऊ, मी काय पयून (पळून) राह्यलो का कुठी? दमानं काढ ना."

माझा हात थांबला. शटर एक पाचशांश सेकंदावर होतं. नाचणारी वरात गोठवायला ठेवतात तसं. तेवढ्यात उजेड आत येणार किती, आणि काळा फोटो मागून उजळला की दाणे दिसणारच. लग्नाच्या सवयीनं बोट तिथंच जातं. मी ते सावकाश, एक तिसांश सेकंदावर आणलं, कोपर खांबाला टेकवलं, नानांना श्वास घेऊ दिला आणि जुन्या कॅमेऱ्यानं एक फोटो काढला.

दाणे जवळजवळ नव्हतेच; नानांच्या पापण्या मोजता आल्या असत्या.

विलासभाऊ काहीतरी विचारत होते. "आठवड्यानं कळवतो," एवढंच बोललो. त्यांचा कॅमेरा अंधारात सरस होता, यात वाद नाही. पण मी ज्यासाठी आलो होतो ते उत्तर मिळालं होतं आणि ते मला नको होतं.

परतीच्या गाडीत बॅग एकदाही उघडली नाही. घरी आल्याआल्या हळदीची जुनी फाइल शोधली. प्रत्येक फोटोसोबत कॅमेरा त्याचे आकडे लिहून ठेवतो. आबांच्या फोटोखाली होतं : एक पाचशांश. त्याआधीचे साठ फोटो नाचाचे, त्यानंतरचे चाळीस नाचाचे. मधे आबांचा एक. कॅमेरा दोन वर्षं खरं सांगत होता. मी जाता जाता बापाचा फोटो काढला होता आणि वर कॅमेऱ्यालाच दोष देत होतो. फार लाज वाटली.

सकाळी ओट्यावर आई मेथी निवडत होती. मी जुना कॅमेरा घेऊन समोर बसलो.

"आते कसाले रे? माले बठ्ठं (सगळं) काम पडेल शे. काढ बेगीन (लवकर)."

"तू निवड भाजी," मी म्हणालो. "माले घाई नही."

जुडी संपेपर्यंत मी कॅमेरा डोळ्याला लावलाच नाही. मग तिनं हात झटकले, पदर सावरला आणि माझ्याकडे पाहिलं.