शेवटच्या भागाचं भांडण

"रिकव्हरी किती?"

आमचे केमिस्टसाहेब हे कशालाही विचारायचे. लग्नाचं जेवण असो, पुढाऱ्याचं भाषण असो, नाहीतर माझ्या धाकट्या नणंदेला आलेलं स्थळ असो. साहेब उजव्या हाताचा पंजा कानामागे धरणार, भुवया वर करणार आणि म्हणणार, "ते सगळं राहू दे. रिकव्हरी किती?"

साखर कारखाना ज्यांनी आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. शंभर किलो ऊस गाळल्यावर त्यातून जेवढे किलो साखर निघते, त्याला रिकव्हरी म्हणतात. अकराच्या वर गेली की सगळे खूश, आणि आठावर घसरली की लॅबमध्ये कुणी मोठ्यानं हसतसुद्धा नाही. आमच्या ढोकीकडे हा आकडा चहाच्या टपरीवरही चालतो. साहेबांनी तो जगातल्या सगळ्याच गोष्टींना लावून टाकला होता, एवढंच.

कानामागचा हात मात्र हौसेचा नव्हता. मिलच्या धडधडाटात सगळी नोकरी काढल्यामुळे त्यांचे कान पार कामातून गेले होते. फोन त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. फोनवर ते फक्त बोलायचे. पलीकडचा काही विचारायला लागला की "हां हां, ठीक आहे" म्हणून ठेवून द्यायचे, आणि आपण नक्की कशाला हो म्हटलं हे त्यांना पाहुणे दारात उभे राहिल्यावर कळायचं. लॅबमध्ये मी त्यांच्या हाताखाली होते. रसाचे नमुने तपासायचे आणि ओरडून बोलायचं, या दोन्ही गोष्टी मी तिथंच शिकले. घरी सासूबाई अजून म्हणतात, "हळू बोल गं, मी काय तुझा साहेब हाय व्हय?"

तर या माणसाला वेड होतं अंतराळातल्या एका सिनेमाच्या मालिकेचं. सोलापूरला कॉलेजात असताना त्यांनी आणि त्यांच्या खोलीतल्या मित्रानं पहिला भाग पाहिला. इंग्रजी कळलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत पाहिला, आणि तेव्हापासून दोघं एकही भाग एकेकटे बघायला गेले नाहीत. मी स्वतः सिनेमावाली नाही. मला आपल्या संध्याकाळच्या मालिका पुरतात. पण साहेबांच्या हाताखाली राहून मला त्या कथेतले ग्रह आमच्या भावकीपेक्षा जास्त पाठ झाले होते.

गोष्ट थोडक्यात अशी. दोन ग्रहांना जोडणारा एक आकाशपूल असतो. जुन्या भागांत तो तुटलेलाच दिसतो. शत्रू आत शिरू नये म्हणून एका सेनापतीणबाईनं तो स्वतःच्या हातानं तोडलेला असतो, आणि तिचा नवरा कायमचा पलीकडे राहिलेला असतो. पुढे बऱ्याच वर्षांनी सिनेमावाल्यांनी याच्याही आधीची गोष्ट सांगणारे भाग काढले. त्यातल्या शेवटच्या भागात पूल प्रत्यक्ष तुटताना दाखवला होता.

एकदा कँटीनमध्ये आमच्या फिटरनं साहेबांना छेडलं, "साहेब, पूल तुटणार हे आधीच ठावं हाय. मग तिकीट काढून बघायचं काय?"

साहेबांनी भजं बशीत ठेवलं. "तू श्रावणात पोथी ऐकायला जातोस का?"

"जातो की."

"शेवटी कोण मरतं ते माहीत असतं ना?"

"व्हय."

"मग यंदा जाऊ नकोस," असं म्हणून साहेबांनी भजं उचललं. फिटरनं हसत हसत त्यांच्या चहाचे पैसे दिले.

तो शेवटचा भाग पाहायला साहेब आणि त्यांचे मित्र लातूरला गेले. हे मित्र म्हणजे जवळच्या तेर गावचे गुरुजी. शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त होते. दुसऱ्या दिवशी साहेब लॅबमध्ये आले ते तोंड पाडूनच. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "आठाच्या खाली. नुसता चोथा." गुरुजींचंही तेच मत होतं म्हणे. एवढ्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि त्याचंही साहेबांना वाईट वाटत होतं.

पुढे काही महिन्यांनी गुरुजींच्या पत्नी वारल्या. आजार फार दिवसांचा नव्हता. गुरुजींनी सगळं नीट पार पाडलं, आल्यागेल्याला पाणी दिलं, आणि दिवसकार्य झाल्यावर बोलणंच बंद केलं. रागावून नव्हे. जेवायचे, अंघोळ करायचे, ओट्यावर बसायचे. विचारलं तर मान हलवायचे. सूनबाई चहा ठेवून जायची आणि साय धरलेला चहा परत उचलायची. साहेब मला हे सांगायचे तेव्हा रिकव्हरीचं नाव काढायचे नाहीत.

तेव्हापासून साहेब दर रविवारी ढोकीहून बस धरून तेरला जायला लागले. पहिले काही सोमवार ते लॅबमध्ये गुमसुम असायचे. मग एका सोमवारी आले ते घसा बसवून आणि चेहरा फुलवून. त्यानंतर प्रत्येक सोमवारी त्यांचा घसा बसलेला. मला वाटलं, म्हातारपणी भजनाला लागले असतील.

खरं काय ते मला पुढे कळलं. तेरला माझी मावशी असते. एका रविवारी मी तिच्याकडे निघाले होते, तर साहेब स्टँडवर उभे. मी त्यांना स्कूटीवर घेतलं आणि गुरुजींच्या घरापर्यंत सोडलं. सूनबाईनं "चहा घेतल्याबिगर जायचं न्हाय" म्हणून मलाही बसवून घेतलं.

साहेबांनी ओट्यावर बूड टेकलं आणि कसलीही प्रस्तावना न करता तोफ डागली. "तुला परत सांगतो, तो शेवटचा भाग म्हणजे साडेबारा रिकव्हरी!"

मी चहाचा कप हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिले. मला आठाखालचा चोथा चांगला आठवत होता.

गुरुजी भिंतीकडे बघत होते. त्यांची मान हळूहळू वळली. "कशाची साडेबारा? ती पूल तोडती आन् मग रडत बसती. सेनापती हाय का कोण हाय ती? जुन्या भागात तिच्या डोळ्यात टिपूस तरी दिसतंय का?"

"जुन्या भागात म्हातारी झाली ती. मधे किती काळ गेला. ज्या दिवशी तोडला त्या दिवशी रडलीच असेल की."

"न्हाय रडली! रडणारी बाई पूल तोडत न्हाय."

"तोडणारीच रडते, लेका. बाकीच्यांचं काय गेलंय?"

गुरुजी ओट्यावरून उठून उभे राहिले. वयाला न शोभेल असा आवाज लावून त्यांनी जुन्या भागातल्या एकेका प्रसंगाचा दाखला द्यायला सुरुवात केली. त्यांचा मुद्दा जिथं जिथं बिनतोड व्हायचा तिथं तिथं साहेब कानामागे हात धरायचे आणि म्हणायचे, "काय? ऐकू नाही आलं."

"बहिऱ्या!" गुरुजी ओरडले. "सोयीचं तेवढं बरं ऐकू येतंय तुला!"

शेजारच्या घरातून दोघं-तिघं डोकावून गेले. दारात सूनबाई चौकटीला टेकून हसत होती, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसत होती. मला हळूच म्हणाली, "ताई, आठवडाभर घरात यांचा आवाज नसतो. रविवारी असा येतो बघा." गुरुजींनी तोपर्यंत साहेबांचाही चहा पिऊन टाकला होता, गरम.

परत येताना मी साहेबांना विचारलं, पण स्कूटीवर त्यांना काय ऐकू येणार! शेवटी ज्वारीच्या एका रानाकडेला गाडी उभी केली आणि ओरडले, "साहेब, तुम्ही तर आठाच्या खाली म्हणाला होता!"

साहेब शांतपणे खाली उतरले आणि चष्मा पुसत बसले. मग सांगायला लागले. पहिले काही रविवार त्यांनी गुरुजींशी हवापाण्याचं बोलून पाहिलं, कॉलेजचे दिवस काढून पाहिले, देवाधर्माचंही बोलून पाहिलं. गुरुजी नुसती मान हलवायचे. एका रविवारी कंटाळून साहेब म्हणून गेले, "तो शेवटचा भाग तसा बरा होता रे." त्यावर गुरुजी म्हणाले, "डोकं फिरलं का तुझं?"

"बायको गेल्यापासून तो पहिल्यांदा बोलला," साहेब म्हणाले. "आणि पोरी, आपलं पटलं की माणूस 'बरोबर आहे' म्हणतो आणि गप्प बसतो. त्याला गप्प बसू द्यायचं नाही, बस्स."

"पण हे खोटंच ना?"

"खोटंच आहे. रस आंबू नये म्हणून आपण नमुन्यात थेंबभर औषध टाकतो की नाही? तसं समज."

मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. मी गाडी सुरू केली आणि ढोकीपर्यंत मुद्दाम हळू चालवली.

पुढच्या हंगामानंतर साहेब निवृत्त झाले. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि त्या भाषणांची रिकव्हरी साहेबांनी माझ्या कानात सांगितली. ती इथं लिहिण्यासारखी नाही. मुलगा नाशिकला असतो, तो त्यांना घेऊन जाणार होता. सामान टेम्पोत भरून झाल्यावर साहेबांनी मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, लॅबमधलं काही राहिलं असेल.

"रविवारी अधूनमधून तेरला जात जा," ते म्हणाले. "आणि त्याचं काहीही पटवून घेऊ नकोस."

गाडी गेली. लॅबमध्ये त्यांची खुर्ची आम्ही बरेच दिवस रिकामीच ठेवली होती. तिच्यावर नवीन साहेब बसले तेव्हा फिटरलासुद्धा ते आवडलं नाही.

मी तेरला गेले ती थोडी उशिराच. जायला पाय उचलत नव्हता. गुरुजी परत गप्प झाले असतील तर मी काय करणार? मला ना ते सिनेमे येतात, ना तसं भांडता येतं. तयारी म्हणून तो शेवटचा भाग मी मोबाइलवर एकदाचा पाहून घेतला होता. गुरुजी ओट्यावरच होते, हातात काही नाही, नजर रस्त्यावर. मी पाया पडले, बसले, आणि साहेबांसारखीच एकदम सुरुवात केली.

"गुरुजी, मला तो शेवटचा भाग आवडला."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग त्यांचे ओठ हलले, आणि ते हसताहेत हे माझ्या जरा वेळानं ध्यानात आलं.

"त्यानं पाठवलं व्हय तुला?"

मी मान खाली घातली.

"अगं, त्याला तो भाग आवडला न्हवता. आवडायला बघितलाय कुठं त्यानं? पूल तुटायच्या कितीतरी आधी झोपला होता. माझ्या खांद्यावर मान टाकून घोरत होता. मागची लोकं म्हणाय लागली, 'ओ, तुमच्या पाहुण्यांना उठवा की.' बाहेर आल्यावर चोथा म्हणला ते मी म्हणलं म्हणून."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"मग!"

"मग एवढं भांडत का होता?"

गुरुजींनी धोतराचं टोक गुडघ्यावर ओढून घेतलं. "सुट्टीच्या दिवशी बस धरून यायचा, बाळ. कान न्हाईत, गुडघे दुखतेत. आला की माझ्या तोंडाकडं बघत बसायचा. त्याला नुसता चहा पाजून लावून द्यायचा व्हय?"

सूनबाई बाहेर आली, चहा ठेवून आत गेली. गुरुजींनी कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"एक सांगू? परवा पोरानं तो भाग घरी लावून दिला टीव्हीवर. एकटाच बघितला. ती बाई पूल तोडून रडाय लागली, तसा मीबी रडलो. लई रडलो बघ. ते बरोबरच हाय त्या सिनेमातलं. बाई रडणारच." त्यांचा आवाज आता खाली आला होता. "पण हे त्याला कळवू नको. दिवाळीला येणार हाय तो. आला की भांडाय पाहिजे."

"नाही कळवत," मी म्हटलं.

मग चहा घेता घेता गुरुजींनी विचारलं की मला त्या भागात नेमकं काय आवडलं. मी सांगायला लागले. पहिलं वाक्य पुरतं व्हायच्या आतच गुरुजी म्हणाले, "नामंजूर," आणि पुढं सरकून बसले.