स्टेडियमआधीचा सत्कार

आमच्या क्लबचं मैदान म्हणजे खरं तर भाताचं शेत होतं. भाईंदरला, जेसल पार्कच्या मागे, खाडीकडे जाताना लागायचं. दिवाळीच्या सुमारास कापणी उरकली की शेताचे मालक, गावातले एक आगरी आजोबा, दोन खाचरांमधला बांध स्वतः कुदळीने फोडायचे, कारण एका खाचरात फुटबॉलचं मैदान मावत नसे. मग आम्ही ओणवे होऊन धसकटं उपटायचो. पावसाच्या तोंडावर ते तोच बांध पुन्हा घालायचे आणि आम्ही दिवाळीपर्यंत बेकार. याबद्दल त्यांनी आमच्याकडून कधी काही घेतलं नाही. संध्याकाळी कडेला बसून खेळ बघायचे आणि गोल कुणीही केला तरी खूश व्हायचे. ऑफसाइड मात्र त्यांना शेवटपर्यंत मान्य झाला नाही. गोल झाला तो झाला, असं त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो आणि बचावात डावीकडे खेळायचो. क्लबचे अध्यक्ष माझे वडील. गिरगाव सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला आलो तेव्हा त्यांना इथे कुणी ओळखत नव्हतं, ती ओळख त्यांना क्लबने दिली. स्वतः सरकारी नोकर, त्यामुळे सरकारी शब्दावर त्यांचा फार विश्वास. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' असं कुणी गमतीने म्हटलं तरी त्यांना ते झोंबायचं.

नव्वदीच्या सुरुवातीला कधीतरी नगरपालिकेने जवळच्याच भराव घातलेल्या जागेवर स्टेडियम मंजूर केलं. बसायला पायऱ्या, लोखंडी गोलपोस्ट, पावसातही खेळता येईल असं उंच मैदान. वडिलांनी त्यासाठी चपला झिजवल्या होत्या.

"सँक्शन झालंय. आता कुणाचा बाप अडवत नाही," ते घरी येऊन म्हणाले.

आई तांदूळ निवडत होती. "आधी नळाला पाणी येऊ दे," एवढंच ती म्हणाली.

मराठी माणसाला आनंद झाला की तो कुणाचा तरी सत्कार करतो. आम्ही आजोबांचा केला. त्यांच्याच शेतात, टेबलावर चादर अंथरून, भाड्याचा माईक लावून. स्टेडियमची एक वीटही तोवर रचलेली नव्हती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! वडिलांनी शाल घातली, श्रीफळ दिलं आणि छान भाषण केलं. "इतकी वर्षं तुम्ही आम्हाला सांभाळलंत. आता तुम्हाला आमचा त्रास नाही. यापुढे आमच्यासाठी बांध फोडायला नको." टाळ्या झाल्या, मीही जोरात वाजवल्या. आजोबांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. आम्हाला वाटलं, भारावले.

पुढचा पावसाळा सरला तरी भरावावर खडीच्या ढिगापलीकडे काही आलं नाही. मग कळलं की वरून येणारं अनुदान कापलं गेलंय आणि जे थोडं मिळालं ते पाण्याच्या लाइनीकडे वळवलंय. भांडायलाही तोंड नव्हतं. आम्हीच टँकरपुढे हंडे घेऊन रांगेत उभे असायचो, त्या रांगेत उभं राहून बसायला पायऱ्या कशा मागणार? वडील तरी कार्यालयात खेपा घालत राहिले आणि 'पुढच्या बजेटमध्ये बघू' ऐकून परत येत राहिले. टीम होती, बॉल होता, पाय ठेवायला जागा नव्हती. दोघं चांगले खेळाडू सिल्व्हर पार्कच्या टीमकडे गेले, बाकीचेही चुळबुळ करायला लागले. त्या वर्षी मैदान मिळालं नाही तर क्लब संपणार होता.

"पप्पा, शेत आहे ना! आजोबांना सांगू या," मीच म्हटलं. इतकी सोपी गोष्ट आधी सुचली नाही याचं मला हसू आलं.

रविवारी आम्ही दोघं गावात गेलो. आजोबांनी ओटीवर बसवलं, पाणी दिलं. वडिलांनी निधी कापल्याचं सगळं सांगितलं आणि यंदा पुन्हा शेतात खेळू द्या म्हणून विनंती केली. आजोबांनी ऐकून घेतलं आणि पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला.

"सायेब, शेत मी दिला बिल्डरला. शब्द झाला."

"असं अचानक?" मी मध्येच तोंड घातलं.

"अचानक न्हाय. दोन वरसा तो मागं लागलेला. पोरा खेळतान म्हणून मी न्हाय बोलायचो. घरात भांडना झाली, तरी न्हाय. मंग तुमीच शाल घातली, बोलला आता गरज न्हाय. मंग मी कोनासाठी न्हाय बोलू?"

मला नगरपालिकेचा नाही, त्या माईकचा राग आला. आमच्या टाळ्यांचा आला.

"काका, आम्ही तुमचा मान करत होतो हो," वडील म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी इतका लहान ऐकला नव्हता.

"हाय ना. मान केला तुमी. मना राग न्हाय." आजोबा थोडे पुढे सरकले. "पर आता पोरा खेळतील कुठं?"

वडील उठले आणि आजोबांच्या पायांकडे वाकले. आजोबांनी घाईने त्यांचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत.