डाव्या खिशातले चिंचोके

रंगनाथ गुरुजी "कसं काय?" असं विचारत आणि मग खरोखरच उत्तराची वाट पाहत. हिंगोलीत असा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नव्हता. बाकीचे "बरं हाय" कानावर पडायच्या आत चार पावलं पुढे गेलेले असत. गुरुजी उभे राहत. अंगात जाड्याभरड्या कापडाचा सदरा आणि त्याला खाली दोन मोठे खिसे. डाव्या खिशात चिंचोके भरलेले, उजवा रिकामा. तुम्ही गप्प असाल तोवर दर श्वासाला एक चिंचोका डावीकडून उजवीकडे जाई. परिणाम असा झाला की बाजारात ते दिसले, की ओळखीची माणसं दुसऱ्या गल्लीत वळत. भाजीची पिशवी हातात घेऊन खरं उत्तर द्यायची तयारी कुणाची असते?

तो निजामी अमलाचा काळ. हिंगोलीच्या सरकारी शाळेला जोडून, पुढे मास्तर होणाऱ्यांसाठी ट्रेनिंगचा एक वर्ग चाले आणि गुरुजी तिथे आम्हाला शिकवावं कसं ते शिकवत. तिथल्या प्रत्येक शिक्षकाने आपला म्हणून एक विषय धरावा, त्याचा अभ्यास करावा आणि तो लिहून खात्याकडे पाठवावा अशी पद्धत होती. सय्यद साहेबांनी सुंदर अक्षराचा विषय घेतला होता. बोरूचं टोक तिरपं कसं छाटावं यावर त्यांनी पानंच्या पानं लिहिली होती. आणखी एकांनी कवायतीवर लिहिलं होतं. रंगनाथ गुरुजींचा विषय होता, प्रश्न विचारल्यावर मास्तर थांबतो किती.

लोक हसत. सय्यद साहेब हे त्यांचे एकुलते एक स्नेही, पण तेही म्हणत, "मास्टरसाब, हमारा काम कागज पे दिखता. तुम्हारा तो कुछ दिखताच नहीं."

"दिसत न्हाई म्हणूनच मोजून राहिलो," गुरुजी म्हणत.

मी पहिला नमुना पाठ दिला, तेव्हा ते वर्गात मागे भिंतीला टेकून बसले होते. मी पोरांना खणखणीत आवाजात विचारलं, "सात आठे किती?" आणि लगेच मीच सांगून टाकलं, "छप्पन्न!" पाठ झकास झाला अशी माझी समजूत होती. गुरुजींनी जवळ बोलावून उजवा हात उघडला. तळहातावर एक चिंचोका होता.

"एवढाच थांबलास. काहून इतकी घाई?"

"पोरांना येत नव्हतं गुरुजी."

"येत न्हाई असं न्हाई. येऊन राहिलं होतं. लेकरू वाटंत हाय बाबा, तू दार काहून लावतोस?"

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ते नुसतं वाक्य नाही हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. शाळेत बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा थावरू नावाचा मुलगा येई. तो मुका आहे अशीच सगळ्या मास्तरांची खात्री होती. गुरुजींनी त्याला विचारलं, "एका गाडीत बारा पोती, तर तीन गाड्यांत किती?" आणि थांबले. वर्गात चुळबुळ झाली, कुणी खोकलं, एका पोराला उत्तर फोडायची उबळ आली ती गुरुजींनी नुसत्या नजरेने दाबली. नऊ चिंचोके गेले. दहाव्याला थावरू हळूच म्हणाला, "छत्तीस."

नंतर गुरुजी आम्हाला म्हणाले, "आपला प्रश्न आधी तांड्यावर जातो. तिथं त्यांच्या बोलीत इचारतो, उत्तर घेतो, मग पायी वापस येतो. तकलीफ होते त्याला. तेवढं थांबावं लागतं."

गुरुजींची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. मारुतीच्या देवळामागे एका खोलीत ते राहत आणि भाकऱ्या स्वतः थापत. मी एकदा त्यांच्याकडे जेवलो. भाकरी वाढता वाढता त्यांनी विचारलं, "घरची याद येते का?" आणि हात तसाच धरून थांबले. मी घाईघाईने "न्हाई" म्हणालो, तरी ते थांबलेच. शेवटी मी रडलो. मला वाटतं, त्या गावात त्यांना इतकं खरं उत्तर फार दिवसांनी मिळालं असावं. त्यांनी मला भाकरीवर तुपाची मोठी धार वाढली आणि स्वतःच्या भाकरीवर तूप घ्यायला विसरले.

ट्रेनिंग संपलं आणि कळमनुरीजवळच्या एका खेड्यात माझी नेमणूक झाली. निघताना गुरुजींनी कापडाच्या छोट्या पुरचुंड्या हातात ठेवल्या. रोज एका पाठाला चिंचोके मोजायचे, प्रश्न आणि पहिलं उत्तर यांच्यामध्ये जितके श्वास जातील तितके पुरचुंडीत बांधायचे, आणि आठवड्याच्या पुरचुंड्या बाजाराला जाणाऱ्याबरोबर पाठवायच्या. जाणाऱ्या प्रत्येक मास्तराला त्यांनी हे सांगितलं होतं. दर आठवड्याला न चुकता पाठवणारा मी एकटाच निघालो.

पहिले दोन महिने मी इमानाने मोजलं. मग कंटाळलो. चार वर्गांना मी एकटा, पावसात गळणारं छप्पर, त्यात चिंचोके कोण मोजणार? दाराशी चिंचेचं झाड होतं. मी मुठीने चिंचोके घेऊ लागलो. कधी पाच बांधायचे, कधी सात. खरं वाटावं म्हणून मधूनच दोन.

गुरुजींची कार्डं येत. "तुझ्या शाळेत लेकरं पोचून राहिली. मला फार बरं वाटलं." एका कार्डावर नुसतं एवढंच होतं, "आज कुणाशी बोललो न्हाई. तुझ्या पुरचुंड्या सोडत बसलो." ते वाचून मला लाज वाटली. पण पुढच्या बाजाराला मी पुन्हा मूठच भरली.

दोन-तीन वर्षांनी त्यांनी सगळं लिहून काढलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. मास्तर पाच श्वास थांबला, तर खेड्यातली आणि तांड्यावरची मुलंही बोलू लागतात, म्हणून ट्रेनिंगमध्ये थांबायला शिकवावं. सय्यद साहेबांनी आपल्या मोत्यांसारख्या अक्षरात त्याचं उर्दू करून दिलं. खात्याच्या मोहतमीम साहेबांनी, म्हणजे शिक्षणाच्या मोठ्या अधिकाऱ्यांनी, तो कागद वाचला आणि ज्या शाळेचा पुरावा सगळ्यांत जास्त होता ती पाहायची ठरवली. ती शाळा माझी होती.

साहेब आले, मागून गुरुजी आले. गुरुजींनी धुतलेला सदरा घातला होता आणि ते एखाद्या वधूपित्यासारखे अवघडून उभे होते. "चलाओ," साहेब म्हणाले. मी विचारलं, "सहा नवे किती?" वर्ग गप्प. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मला एक श्वासभरही थांबवेना. "चौपन्न!" मी ओरडलो. पुढचा प्रश्न, त्याचंही उत्तर मीच दिलं. पाचही प्रश्नांची उत्तरं मीच दिली. पोरं माझ्याकडे नेहमीसारखी पाहत होती, कारण त्यांना यात नवीन काहीच नव्हतं.

साहेब हसले. "मास्टर साहब, सरकार बोलने की तनख्वाह देती है, चुप रहने की नहीं." कागदाची गुंडाळी त्यांनी गुरुजींच्या हातात दिली आणि ते गाडीकडे गेले.

गुरुजी मागे राहिले. चिंचेखाली येऊन त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, "बाबा, ते चिंचोके तू मोजले होते का?"

आणि थांबले.

त्यांचा हात डाव्या खिशात गेला, उजव्या खिशात गेला. मला सगळं सांगायचं होतं. ओठांपर्यंत येत होतं आणि परत जात होतं. त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश असता तर मी तेव्हाच पाय धरले असते. गाडीवाल्याने हाक मारली. गुरुजी हलले नाहीत. डावा खिसा रिकामा झाला, तेव्हा त्यांनी तो एकदा चाचपला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते गेले.

त्यानंतर कार्ड आलं नाही. मीही लिहिलं नाही. पुढे रझाकारांची धामधूम उसळली, रस्ते बंद झाले, आणि मला एक सबब मिळाली. पोलीस ॲक्शन होऊन वाटा मोकळ्या झाल्यावर मी हिंगोलीला गेलो, तेव्हा कळलं की गुरुजी भर पावसाळ्यात तापाने गेले. शेवटचे आठ दिवस सय्यद साहेबच पेज नेऊन देत होते.

मुसलमान घरांसाठी ते दिवस वाईट होते, सय्यद साहेब दार अर्धंच उघडत. मला ओळखून त्यांनी आत घेतलं आणि गुरुजींचं बाड पुढे ठेवलं. "नया लिख रहे थे," ते म्हणाले. गुरुजींनी सगळं पहिल्यापासून मांडलं होतं. डाव्या बाजूला शाळांची नावं, उजव्या बाजूला श्वासांचे आकडे. माझ्या शाळेचे आकडे काट मारून काढलेले असतील, शेजारी "खोटे" असं लिहिलेलं असेल, असं धरूनच मी पान उलटलं.

माझ्या गावापुढची जागा कोरी होती. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, "विचारलं आहे. उत्तर वाटेत आहे."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. सय्यद साहेब समोर बसून होते. त्यांनी काहीही विचारलं नाही, पण ते उठलेही नाहीत.

"न्हाई गुरुजी," शेवटी मी म्हणालो, "मोजले नव्हते."