पट्टेवालीचं पांघरूण

बाईच्या संसारात दुसरी आली तर तिला सवत म्हणतात. नवऱ्यावर तशी वेळ आली तर काय म्हणायचं, याला आपल्या भाषेत शब्द नाही. मी शिंपी माणूस, शब्द शिवता येत नाहीत, म्हणून मीही सवतच म्हणतो. माझी सवत दोन हात लांब आहे, तपकिरी आहे आणि दिवसभर दगडाखाली पडून असते.

माझी बायको मत्स्यालयात मासे सांभाळते. रबरी बूट, कोपरापर्यंत ओल्या बाह्या आणि अंगाला असा वास, की बसमध्ये शेजारची जागा आपोआप मोकळी होते. तिच्याकडे टाक्या बऱ्याच आहेत, पण जीव अडकलाय एका मुशीत. मुशी म्हणजे शार्कच, पण किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातली, लहान चणीची, माणसाच्या वाटेला न जाणारी. पिल्लू असताना हिच्या अंगावर गडद पट्टे होते, म्हणून बायकोने नाव ठेवलं पट्टेवाली. वयाबरोबर पट्टे गेले, नाव राहिलं. वयाबरोबर माझे केस गेले, पण मला लाडाचं नाव काही मिळालं नाही.

जेवायला बसलं की तिचंच पुराण. "अहो, कितीतरी शार्कना श्वासासाठी पोहत राहावं लागतं. आमची बसल्या जागी कल्ल्यांतून पाणी ओढते."

"मीही दिवसभर बसल्या जागीच असतो," मी म्हणालो. "त्याचं कौतुक कधी ऐकलं नाही."

ओहोटीला खडकातल्या डबक्यात अडकली तरी ही जात तासन्‌तास तग धरते म्हणे. अंधार पडला की बाहेर निघते आणि नाकाजवळच्या मिशांनी वाळूतला खेकडा हुडकते. त्या मिशांचं किती ते कौतुक. मला मिशी ठेवायला हिनेच बंदी केलीय.

कहर केला तो अंड्यांनी. मुशीचं अंडं चामड्याच्या चपट्या पाकिटासारखं असतं. घातलं की आई त्याकडे ढुंकूनही बघत नाही, सगळी उस्तवार माझ्या बायकोच्या गळ्यात. अंड्यामागे बॅटरी धरून आत काही आहे का ते ती बघायची. दर वेळी रिकामं निघायचं. एके दिवशी घरात शिरली तीच चमकत्या डोळ्यांनी. "आत हलतंय."

"पण टाकीतला नर तर केव्हाच मेला ना?"

"मेला. पण त्याचं बीज मादी वर्षानुवर्षं साठवून ठेवू शकते. कधीकधी तर नराशिवायही पिल्लू होतं."

नराशिवाय चालतं, ही माहिती बायको इतक्या आनंदाने सांगते हे मला मुळीच आवडलं नाही.

मग बातमी आली. मत्स्यालय बंद होणार, मासे दुसऱ्या शहरातल्या मोठ्या मत्स्यालयात जाणार आणि बायकोलाही तिकडे नोकरीचं बोलावणं होतं. बूट काढता काढता तिने सांगितलं.

"जाणार तू?"

"मग पट्टेवालीचं कोण बघेल?"

माझं कोण बघेल, हे तिने विचारलं नाही. मीही तोंड फुगवून बसलो. भीती एवढीच होती, की ती जाईल आणि मला चल म्हणणार नाही.

दोन दिवसांनी ती स्वयंपाकघरात फोनवर कुणाला तरी मापं सांगत होती. लांबी, रुंदी, उंची. "दारातून आत जाईल ना? आणि खाली सपाट हवं, हलता कामा नये." इतकी काळजी ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवून ती माझ्याकडे आली. मुशीला उजेड सोसत नाही, प्रवासाच्या पेटीवर घालायला जाड काळं पांघरूण शिवून हवं होतं.

"माप उद्या मोजून सांगते."

"कळलंय मला माप," मी तुटकपणे म्हणालो.

शिवताना मनात आलं, बरोबर डोळ्यांवर येईल असं एक भोक ठेवावं. पण हात धजला नाही. उलट कडेला दुहेरी शिवण घातली, कारण धंद्याची अब्रू होती.

निघायच्या दिवशी पांघरूण घेऊन मत्स्यालयात गेलो. पेटी चांगली लांबलचक. पांघरूण तिच्यावर बसलं ते थोरल्याला धाकट्याचा सदरा घातल्यासारखं. तिथले साहेब उगाच दुसरीकडे बघू लागले.

"अहो, हे माप कुणी दिलं तुम्हाला?"

"तूच. फोनवर सांगत होतीस की."

ती हसत हसत पालथ्या बादलीवर बसली. "ते तुमच्या मशीनचं माप होतं. नव्या घरमालकाला विचारत होते, खिडकीशी बसेल का म्हणून."

आयुष्यभर त्या मशीनवर बसलो, पण तिचं माप कधी घेतलं नव्हतं.

"मी येणार का, हे मला विचारलंस कधी?"

"त्यात विचारायचं काय? पट्टेवालीला तरी कुठं विचारलं?"

मी गळ्यातली टेप काढली आणि सवतीच्या पेटीचं माप घ्यायला वाकलो.