शिवमूर्ती अजून बसला नाही

लातूरच्या धान्याच्या मोंढ्यात दगडोबाचं नाव काढलं की माणसं आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, हा गडी खातो तरी काय? साठी उलटलेला माणूस. दाढीचे खुंट पांढरे, गुडघे वाकडे, कंबरेला मळकं उपरणं आवळलेलं. पण गेल्या सोयाबीनच्या हंगामात त्यानं अशी पोती उचलली की तिशीतल्या हमालांनी तोंडात बोटं घातली. कुणी म्हणे ह्यानं ताईत बांधलाय, कुणी म्हणे मुखेडच्या बाजारातून कसली तरी मुळी आणतो. लोकांचं काय जातंय बोलायला! खरं काय ते एकट्या दगडोबाला ठाऊक होतं, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. पोतं तो एकटा उचलतच नव्हता. त्याच्या बाजूनं शिवमूर्ती हात लावत होता, आणि शिवमूर्तीला जाऊन दोन महिने झाले होते.

शिवमूर्ती रेणापूरचा, लिंगायताच्या घरचा. दोघांची जोडी एकतीस वर्षांची. आडतीत पोत्यांची थप्पी लावायची तर दोन माणसं लागतात. एकानं पोत्याचे इकडचे दोन कान धरायचे, दुसऱ्यानं तिकडचे, आणि एका दमात झोका देऊन वर टाकायचं. दोघांचा दम जुळला नाही तर कुणाची तरी कंबर गेलीच म्हणून समजा. ह्या दोघांचा कधी चुकला नाही. उचलायच्या आधी शिवमूर्ती घशातल्या घशात ‘हूं’ करायचा, तेवढीच खूण. एरवी तो बोलायचा नाही. बोलायचं काम दगडोबाकडं होतं आणि भांडायचंही.

चौदा वर्षांमागं ट्रकच्या फळीवरून पाय सटकून दगडोबाची पाठ धरली. तेव्हापासून शिवमूर्ती प्रत्येक पोतं जरासं आपल्याकडं ओढून घ्यायचा, म्हणजे जास्तीचं वजन त्याच्यावर. दगडोबाला ते कळायचं. एकदा त्यानं विषय काढला, तर ‘गप उचल’ एवढंच उत्तर आलं. आणखी एक खोड होती ह्या माणसाला. तो बसायचा म्हणून नाही. चहा उभ्यानं, बिडी उभ्यानं, भाकरीसुद्धा थप्पीला टेकून. बसलं की अंग जड होतं म्हणायचा.

गेला तोही उभ्या उभ्याच. श्रावणातला सोमवार, देवाला बेल वाहून आला, दारात चप्पल काढताना छातीत कळ आली आणि संपला. त्यांच्यात मेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत. मांडी घालून बसवतात, हातावर इष्टलिंग ठेवतात आणि तसंच खड्ड्यात उतरवून विभूती, बेल, वर माती. उतरवायला दगडोबाचाही हात होता. माती लोटायची वेळ आली आणि त्याला राहवलं नाही. तो खड्ड्यात वाकून ओरडला, “शिवा, आता माझ्या बाजूला कोण रं?” जंगमस्वामींनी त्याला दटावलं, गेलेल्याला अशी हाक मारू नये म्हणाले. पण तोंडातून शब्द गेला होता.

दहाव्या दिवशी दगडोबा कामावर आला. मुकादमानं त्याला मुखेडकडच्या आदिनाथशी जोडून दिलं. चाळिशीतला माणूस, कामाला चांगला. पहिल्या पोत्याचे कान धरले आणि दगडोबाच्या कानाशी ‘हूं’ झालं. त्यानं जोर लावायच्या आतच पोतं उठलं. त्यानं दचकून हात सोडले, तर पोतं आदिनाथच्या पायावर पडता पडता राहिलं. भीती दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी त्याला रडू आलं. चौथ्या दिवसापासून तो पुटपुटत शिवमूर्तीला शिव्या द्यायला लागला, म्हणजे सगळं पहिल्यासारखं झालं. एवढा खूश तो कित्येक वर्षांत नव्हता.

मग दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन आलं. गाड्यांवर गाड्या. अशाच एका दुपारी त्याला धाप ऐकू आली. त्यानं मान वळवली, तर आदिनाथ लांब माठाशी पाणी पीत होता. धाप ऐकू येत होती ती उजव्या कानाशी, शेवटी जराशी अडकणारी. एकतीस वर्षं ऐकलेली धाप माणूस विसरत नाही. शिवमूर्ती दमला होता.

झालं, दगडोबाचं चित्त थाऱ्यावर राहीना. घास हातात धरून तो बघत बसायचा. बाजेवर पडला की उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. त्याची बायको केवळाबाई म्हणाली, तुम्हाला काय मुंग्या लागल्यात का? काय सांगणार कपाळ! मेलेला माणूस दमतो का, हे विचारायचं कुणाला? कामावर तो हळूच म्हणायचा, शिवा, तू हात लावू नको, मी बघतो. तर पुढचं पोतं आणखीच हलकं. जिवंतपणी ऐकलं नाही, ते मेल्यावर काय ऐकणार! दोन दिवस खाडा करून पाहिला. तिसऱ्या दिवशी पहिल्याच पोत्याला धाप.

शेवटी तो रेणापूरला गेला. शिवमूर्तीची बायको पार्वतीबाई अंगणात उडीद पाखडत होती. दगडोबानं खाली मान घालून सगळं सांगितलं. ती ओरडेल, नाही तर वेड्यात काढून हाकलून देईल असं त्याला वाटलं होतं. तिचं सूप थांबलं नाही. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं.

“लई दमलेत का?”

“लई, वहिनी.”

तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. “जन्मभर उभा राहिलेला माणूस, भावजी. आमच्यात मेल्यावर तरी माणसाला बसवतात. मी म्हणलं, चला, आता तरी बसले. आन तुम्ही उठवलं.” तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. “मी एवढी रडले, माझ्यासाठी न्हाई उठले.”

दगडोबाला वर बघवेना. राग तिला होता, दुःख होतं, आणि दोन्ही खरं होतं. निघताना ती म्हणाली की तुम्ही उचलता तवर ते उचलणारच, त्यांची सवय मला म्हाईत हाय. आता काय करायचं ते तुम्हीच बघा.

काय करायचं ते उघड होतं, पण माणसाचा पाय निघायला पाहिजे ना! मोंढा सोडला तर दगडोबा कोण? आणि कामाचंही एक वेळ जाऊ द्या. ते ‘हूं’ पुन्हा ऐकू येणार नव्हतं. शिवमूर्तीचं तेवढंच उरलं होतं त्याच्याकडं. आज मुकादमाला सांगू, उद्या सांगू करत त्यानं आठ दिवस काढले, आणि आठही दिवस स्वतःला चोर म्हणत काढले. नवव्या दिवशी धापेच्या मागून ‘आई गं’ ऐकू आलं. शिवमूर्ती जिवंतपणी कधी कण्हला नव्हता. दगडोबानं पोतं तिथंच खाली ठेवलं, मुकादम गुरुपादप्पाकडं गेला आणि बिल्ला काढून टेबलावर ठेवला. भर हंगामात डोकं फिरलं का, मुकादम म्हणाला, दोन माणसांचं काम करतोस तू.

“दोघांचं काम दोघंच करत होतो,” दगडोबा म्हणाला. मुकादमाला ती थट्टा वाटली.

घरी बसला तरी जिवाला चैन नव्हतं. शिवमूर्ती बसला की नाही, हे कळायचं कसं? उचलून बघावं तरच कळणार, आणि उचलावं तर तो पुन्हा उठून यायचा. म्हणून दगडोबानं उचलणंच सोडलं. पाण्याची बादली नाही, पिठाचा डबा नाही. गॅसची टाकी केवळाबाई ओढत आत नेई आणि हा हात मागं बांधून उभा. शेजारपाजारची माणसं बघायची. मोंढ्याचा वाघ म्हणे, आणि घरात तांब्या उचलंना! केवळाबाईनं त्याला नाही नाही ते ऐकवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

असे तीन महिने गेले. शिवरात्र झाल्यावर तो रेणापूरला शिवमूर्तीच्या समाधीला बेल वाहायला गेला आणि परतताना पार्वतीबाईकडं डोकावला. शेतातून नुकतीच ज्वारी आली होती. टेंपोवाला पोतं अंगणातच टाकून निघून गेला होता, आणि आभाळ भरून आलेलं. आसपास दुसरा बाप्या माणूस नाही. दगडोबा हात मागं बांधून उभा राहिला. पार्वतीबाईनं एकटीनंच पोत्याचे कान धरले आणि ओढायला लागली. पोतं हलेना. थेंब पडायला लागले.

दगडोबा पुढं झाला. त्यानं तिकडचे कान धरले आणि श्वास रोखून थांबला. काही ऐकू आलं नाही. त्यानं जोर लावला. कंबरेतून मानेपर्यंत कळ गेली आणि पोतं वीतभरसुद्धा उठलं नाही. त्यानं पुन्हा लावला. मग हात सोडून तो पोत्यावरच बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

“काय झालं, भावजी?”

“जड हाय, वहिनी,” तो म्हणाला. “लई जड हाय.”

पार्वतीबाईनं पदर तोंडाला लावला. ज्वारी भिजत होती, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

“बसले मग,” ती म्हणाली.