वाऱ्याच्या दिवसांच्या गोळ्या

तीन मैल चालून झाले तोवर लिओनाच्या खांद्यावरच्या दोराला पिंजऱ्यांच्या खुणेचे सहा तरंगते बोये लटकत होते. सगळे पिवळे, मधे काळा पट्टा, म्हणजे तिच्या भावाचे, एल्डनचेच. दुसऱ्या कुणाचा दिसला की ती तो पायाने भरतीच्या रेषेच्या वर ढकलून ठेवायची. ज्याचा असेल तो नेईल.

वादळ परवा येऊन गेलं होतं. समुद्राने शेवंडांचे पिंजरे तळातून उपटून किनाऱ्यावर आणून टाकले होते. तारांचे नुसते गोळे झालेले. वारा अजून पडला नव्हता, त्यामुळे बोटी धक्क्यालाच बांधलेल्या. अशा दिवशी या किनाऱ्यावरची माणसं आपापलं सामान शोधत चालतात. एल्डनचा नेहमीचा जोडीदार त्याचा खलाशी कर्क. पण कर्कच्या घराचं छप्पर उडालं होतं, म्हणून थोरली बहीण निघाली होती.

एल्डन पुढे चालत होता. गोट्यांवरून त्याचे बूट एकाच चालीत पडत होते. सकाळपासून दोनदा तो किनाऱ्यावरच्या झाडीत जाऊन आला होता, आणि दोन्ही वेळा लिओना समुद्राकडे तोंड करून उभी राहिली होती.

"हा पिंजरा ठेवायचा का?" तिने विचारलं.

"राहू दे. पुढच्या वर्षी कर्कलाच लागतील. बोट त्याला देतो म्हणालोय."

"कधी म्हणालास?"

"रविवारी."

पाव संपला म्हणून सांगावं तसं त्याने सांगितलं. लिओनानेही ते तसंच ऐकलं. काळजी करून करून गेल्या महिनाभरात तिला कशाचं काही वाटेनासंच झालं होतं.

एल्डन गोरमने पंधराव्या वर्षी शाळा सोडली आणि वडिलांच्या बोटीवर पाय ठेवला, तो आता अठ्ठावन्न वर्षांचा होईपर्यंत उचलला नव्हता. वडील गेल्यावर तोच तांडेल झाला. नोव्हेंबरच्या शेवटी पिंजरे टाकायचे, मे संपता संपता काढायचे, उन्हाळ्यात दोर दुरुस्त करायचे. बोलणं जेवढ्यास तेवढं. घरात बोलायचं काम मॅक्सीनचं, त्याच्या बायकोचं. मॅक्सीन झोपेतच गेली, त्याला तीन वर्षं झाली. पुढच्या हिवाळ्यात एल्डनला शौचातून रक्त पडायला लागलं. चार महिने त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हाही 'पोट बिघडलंय' एवढंच.

शहरातल्या डॉक्टरणीने दुर्बीण घालून पाहिलं. मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होत्या. हा आजार कायमचा मुक्कामाला येतो, ती म्हणाली, पण त्याला शांत झोपवून ठेवता येतं. सूज उतरवणाऱ्या गोळ्या दिल्या: रोज चार, अख्ख्या गिळायच्या, चावायच्या नाहीत, कारण वरचं आवरण खाली आतड्यात पोहोचल्यावरच विरघळतं आणि औषध जखमेच्या जागी पडतं. त्या उन्हाळ्यात ऑगस्टपर्यंत रक्त थांबलं. एल्डन माणसात आला, चर्चच्या सहभोजनात दोनदा वाढून घेतलं.

डिसेंबरात पुन्हा सुरू. मग स्टेरॉइडच्या गोळ्या, चेहरा भोपळ्यासारखा गोल, थोडे दिवस बरं, पुन्हा तेच. दोन हिवाळे असेच. शेवटच्या भेटीत डॉक्टरीण म्हणाली, "या गोळ्या तुम्हाला पुरत नाहीत असं दिसतंय. आता जास्त जोरदार औषध सुरू करावं लागेल. आणि शस्त्रक्रियेचंही आतापासून बोलून ठेवू. गुरुवारी या." यातलं एल्डनच्या डोक्यात एवढंच राहिलं, की आतडं काढणार आणि पोटाला पिशवी लावणार. पिशवी लावून कुणी पिंजरे ओढलेले त्याने पाहिले नव्हते. म्हणून बोट कर्कला.

आज मंगळवार होता.

वाहून आलेल्या एका ओंडक्यावर दोघं बसले. लिओनाने काकवी घातलेला तपकिरी पाव काढला, लोणी लावलेला, आणि थर्मासमधला चहा ओतला. तिने डोळे मिटून मनातल्या मनात आभार मानले. एल्डन तिचं होईपर्यंत थांबला, मग पावाचा एक घास खाल्ला, खिशातून बाटली काढली आणि चार लालसर गोळ्या तळहातावर घेतल्या.

"बरं झालं आठवलं," तो म्हणाला. "आज गोळ्यांचा दिवस."

"कसला दिवस?"

"गोळ्यांचा. वारा आहे ना."

लिओनाला वाटलं गंमत करतोय. "वाऱ्याचा आणि गोळ्यांचा काय संबंध रे?"

"वारा असला की बोट जात नाही. बोट गेली नाही की मी जेवतो." त्याने बाटली तिच्यापुढे धरली. "हे बघ. सकाळी, जेवणासोबत. बोटीच्या दिवशी मी सकाळचं जेवतच नाही. मग कशासोबत घेऊ?"

"संध्याकाळी घरी येऊन जेवतोस ना?"

"सकाळी लिहिलंय."

गोळ्या गिळून त्याने वर चहा घेतला. लिओना बाटलीवरची चिठ्ठी वाचत राहिली. दोनच शब्द होते, पण ते तिने चार-पाच वेळा वाचले.

"डिसेंबरात किती दिवस वारा होता?"

"जास्त नाही. सहा. सात असेल. हवा चांगली होती डिसेंबरात."

"आणि डॉक्टरणीला हे माहीत आहे?"

"तिने विचारलं, लिहून दिल्याप्रमाणे घेता का. घेतो म्हणालो. खोटं कुठे बोललो?"

खोटं नव्हतंच. हा माणूस कधी खोटं बोलत नसे. कागदावर जे लिहिलंय ते अक्षराला धरून पाळायचं, मग तो परवाना असो की पिंजऱ्यांची संख्या.

"पण जेवत का नाहीस? पहाटे चारला उठून पोटात काही नाही? चहासुद्धा?"

एल्डनने पावाचा तुकडा बोटांनी चुरला.

"बोटीवर बादली आहे," तो म्हणाला. "पहिल्या हिवाळ्यात एकदा मला दिवसात सात वेळा लागली. कर्क आणि दुसरा पोरगा पाठ करून उभे. काम थांबलेलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर कर्कने बादलीवर पिवळ्या रंगाने लिहिलेलं, 'तांडेलाचं सिंहासन'. मधे काळा पट्टासुद्धा, आपल्या बोयांसारखा."

"मेला!"

"नाही गं. चांगला आहे तो. मला हसवायलाच केलं त्याने. मी हसलोही. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. त्या दिवसापासून बोटीवर निघायच्या आधी काही खात नाही. पोटात नसलं की खाली कमी येतं."

लिओनाला राग यायला हवा होता. नाहीतर रडू. दोन वर्षं ती चर्चच्या प्रार्थनेच्या यादीत दर रविवारी त्याचं नाव लिहीत होती, 'एल्डनच्या पोटासाठी'. पोटाच्या खाली या किनाऱ्यावर कुणी बोलत नाही, म्हणून तिनेही पोटच लिहिलं. पाद्रीबाबा ते मोठ्याने वाचायचे आणि एल्डन बाकावर मान खाली घालून बसायचा. आता तिला आत काहीच हललेलं जाणवेना. बोटं गारठल्यावर चिमटा काढला तरी कळत नाही, तसं. फक्त बाटलीवरची ती चिठ्ठी डोळ्यांसमोर होती.

"मी यादीत नाव लिहायचे तुझं," ती म्हणाली.

"माहीत आहे. पोटासाठी." तो किंचित हसल्यासारखा झाला. "देवालाही तू अर्धवटच सांगितलंस, लिओना."

"त्याला पुरं कळतं. डॉक्टरणीला नाही कळत."

वाऱ्याने थर्मासचं झाकण गोट्यांवर घरंगळलं. लिओना उठून ते घेऊन आली आणि त्याच्या समोर उभी राहिली.

"ऐक. त्या गोळ्या नापास झाल्या की नाही मला ठाऊक नाही. पण तू त्यांना परीक्षेलाच बसवलं नाहीस. महिन्यातले सहा दिवस! उन्हाळ्यात रोज घेत होतास तेव्हा रक्त थांबलं होतं ना?"

"थांबलं होतं."

"मग?"

"तो उन्हाळा होता. मला वाटलं, उन्हाळ्यात बरं असतं."

"रात्रीच्या जेवणासोबत घेतलं तर चालेल का, एवढं विचारलं असतंस तर…"

"विचारलं असतं तर ती म्हणाली असती, सकाळी का जेवत नाही." त्याने बोटं झटकली. "मग बादली."

हेच सगळं होतं. लिओना पुन्हा ओंडक्यावर बसली. तिला वाटलं, भावाचा हात धरावा. त्यांच्या घरात तशी पद्धत नव्हती. तिने त्याच्या बाहीला चिकटलेलं शेवाळ काढलं.

"कदाचित आता उशीर झाला असेल," ती म्हणाली. "तरी जोरदार औषध लागेल. मी काही डॉक्टर नाही. पण आतडं काढायचं ठरवण्याआधी तिला खरं कळायला नको? तिने दोन वर्षं वेगळ्याच माणसावर उपचार केले, एल्डन. रोज गोळ्या घेणाऱ्या माणसावर."

"हं."

"गुरुवारी सांग तिला."

"नाही जमायचं."

"चार वाक्यं आहेत रे."

"मला ठाऊक आहे किती आहेत. मी गाडीत बसून म्हणून पाहतो. तोंडात येतात. तिच्या समोर बसलो की ती विचारते कसं चाललंय, आणि मी म्हणतो बरं आहे. रक्त पडत असतानासुद्धा म्हणतो." तो हे सगळं एकाच सुरात बोलत होता, हवेचा अंदाज वाचून दाखवल्यासारखं. "मॅक्सीन असती तर तिने सांगितलं असतं. मला बोलूच दिलं नसतं."

मग तो उठला. पोटावर हात ठेवून क्षणभर वाकला आणि झाडीकडे निघाला. लिओनाने सवयीने समुद्राकडे तोंड केलं. चार-पाच पावलं गेल्यावर त्याच्या बुटांचा आवाज थांबला.

"गुरुवारी तू आत येशील माझ्याबरोबर?" तो मागून म्हणाला.

"येईन."

"तूच सांग तिला. सगळं, जसं आहे तसं. आणि मधेच मी उठून बाहेर गेलो, तरी तू बोलायची थांबू नकोस."