जनार्दनच्या घरचा कूलर

रजनी लग्न होऊन साताऱ्याहून झाशीला आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हतं आणि अशोकला बोलता येत नव्हतं. मुका नव्हता तो. सरकारी कारखान्यात इंजिनियर होता, कामाचं तासभर बोलायचा. पण मनातलं सांगायची वेळ आली की उठून काहीतरी दुरुस्त करायला बसायचा. त्याची आई गेल्याची तार आली त्या दिवशी त्याने टेबलफॅन खोलला. रजनी हुंदके देत होती आणि हा विचारतो, "पेचकस कुठे ठेवलास?"

शेजारच्या क्वार्टरमध्ये जनार्दन आणि रश्मी राहायचे. चौघं दोन स्कूटरवरून बरुआसागरला जायची, तळ्याकाठी बसून पुरी-भाजी खायची. जनार्दन बेसूर गायचा आणि अशोक त्या वेळी मात्र पोट धरून हसायचा. त्याला तसं हसवणारं झाशीत दुसरं कुणी नव्हतं. ते दिवस आठवले की रजनीला आजही तळ्यावरचा तो वारा अंगावर येतो असं वाटतं.

दोन हजार एकच्या मे महिन्यात जनार्दन कामावर असतानाच हृदयविकाराने गेला. चव्वेचाळीस वर्षांचा होता. रश्मीच्या पदरात शाळेत जाणारी मुलगी, कश्मिरा.

कॉलनीतल्या बायकांनी रश्मीला एकटं सोडलं नाही. रजनी रोज दुपारी जायची. हात हातात घ्यायची, पुन्हा पुन्हा तेच ऐकायची, दोघी मनसोक्त रडायच्या. अशोक तेराव्यालाही गप्पच होता. पुढच्या रविवारी त्याने बडा बाजारातून कूलरच्या जाळीसाठी खस, म्हणजे आपला वाळा, आणली, पिशवीत अवजारं टाकली आणि जनार्दनच्या घरचा कूलर दुरुस्त करून आला. मग दर रविवारी काही ना काही काम निघायचं. कधी पंप, कधी नळ, कधी खिडकीची कडी.

एकदा रजनीचा तोल सुटला. "अहो, जिवाचा मित्र गेला तुमचा. त्या बाईशी दोन शब्द तरी बोला. कशा आहात, एवढं तरी विचारा!"

"दिसतंय की कशा आहेत त्या," तो म्हणाला आणि पिशवी उचलून निघाला.

शेवटी रजनीनेच रश्मीची माफी मागितली. "यांचं मनावर घेऊ नकोस गं. स्वभावच घुमा."

"माफी कसली, ताई?" रश्मी म्हणाली. "तुम्ही आलात म्हणून मला रडता तरी आलं. पण कशी आहेस असं न विचारणारे ते एकटेच. ते कूलरपाशी खुडबुडतात, मी पोळ्या लाटते. तेवढा तास घर पहिल्यासारखं वाटतं."

रजनीला ते थोडं लागलं. आपण इतके डोळे गाळले, त्याचं काहीच नाही का? पण त्यानंतर तिने अशोकला टोकणं सोडलं.

वर्षं गेली. कश्मिरा शिकली, पुण्याला नोकरीला लागली आणि मागच्या मार्चमध्ये आईला कायमची घेऊन गेली. रजनी आणि अशोक स्टेशनवर सोडायला गेली होती. परत आल्यावर अशोक चपला न काढताच पायरीवर बसला.

"त्या दिवशी सकाळी डावा हात दुखतोय म्हणाला होता," तो म्हणाला.

"कोण?"

"जनार्दन. मी हसलो. म्हटलं, म्हातारा झालास." त्याने चेहरा दोन्ही हातांनी झाकला. "दर रविवारी वहिनींना सांगायचं ठरवून जायचो. जमलंच नाही."

रजनीच्या ओठावर नेहमीचं सगळं आलं. तुमचा काय दोष, असं मनाला लावून घेऊ नका. तिने ते गिळलं आणि त्याला खेटून बसली. ऊन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेलं तरी दोघं तिथेच होती.

चार दिवसांनी त्याने स्वतःहून पुण्याला फोन लावला. रजनी स्वयंपाकघरात थबकून ऐकत राहिली. तो अडखळत सगळं बोलला. मग बराच वेळ नुसताच ऐकत होता. फोन ठेवून आत आला तेव्हा डोळे लाल होते.

"त्यांनाही सांगितलं होतं त्याने. घरून निघताना. त्या म्हणाल्या, बाम लाव."

रजनी ओट्याला टेकली. इतक्या दुपारी, इतकं बोलणं, इतकं रडणं, आणि रश्मीने हे एकदाही काढलं नव्हतं! दोघं एकाच घरात एकच गोष्ट गिळून बसली होती, आणि रजनीला वाटत होतं की तिथलं आपल्याला सगळं माहीत आहे.

"आणखी काय म्हणाली?" तिने हळूच विचारलं.

"म्हणाल्या, भाऊजी, आधी का नाही बोललात? आणि मग त्याच म्हणाल्या, मी तरी कुठे बोलले."

रजनीने चहा टाकला. दोघं अंगणात बसली आणि अशोक बोलायला लागला. जनार्दन कारखान्यात पहिल्या दिवशी उलटा शर्ट घालून आला होता, साहेबांची नक्कल करताना मागे साहेबच उभे होते. यातलं काहीच रजनीला ठाऊक नव्हतं. चहा निवून गेला तरी ती मध्ये एक शब्द बोलली नाही.